आज पूर्वेची पाळी

दवाखान्यातून घरी सोडलेल्या माणसांकडं आम्ही जायचो. पक्षाघात झालेली, गाडीवरून पडून डोक्याला मार बसलेली, मेंदूचं ऑपरेशन झालेली माणसं. संस्था लहान होती. एक फिजिओथेरपिस्ट, मी, आणि आठवड्यातून दोन दिवस येणारे एक निवृत्त डॉक्टर. फिजिओथेरपिस्ट माणसाचे हातपाय चालते करायचा. मी मानसशास्त्रज्ञ, म्हणजे लोकांच्या भाषेत 'डोक्याच्या म्याडम'. आठवण किती उरली आहे, लक्ष किती वेळ टिकतं, राग का आवरत नाही, आणि हे सगळं असताना हा माणूस आता घरात कसा राहील, ते बघणं माझं काम. गोळ्या देणं माझं काम नव्हतं. प्रत्येक घरात पहिल्या भेटीत मला तेच सांगावं लागायचं आणि सांगितलं की समोरच्यांचे चेहरे उतरायचे.

दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष होतं. मी शहरातल्या पुंडलिकनगरात राहायचे. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी. त्या दिवशी टाकी, ड्रम, बादल्या, पातेली भरून मी स्कूटरवर बसायचे तेव्हा कंबर आधीच दुखत असायची. त्यानंतर पाच घरं. प्रत्येक घरात एक माणूस, जो पूर्वी वेगळा होता. संध्याकाळी घरी आले की कुणी साधा प्रश्न विचारला तरी नको वाटायचं. नवरा बिचारा चहा ठेवून बाजूला व्हायचा.

शहर मात्र वाढत होतं. दोन वर्षांपूर्वी जिथं ज्वारीची धसकटं होती तिथं प्लॉट पडत होते, कमानी उभ्या राहत होत्या, कमानींवर स्वागताच्या पाट्या लागत होत्या. घरं आधी व्हायची, रस्ते नंतर, आणि पाण्याचं कुणी बोलायचंच नाही. अशाच पद्धतीनं, पण बऱ्याच वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या एका वसाहतीत मी मार्चच्या शेवटी पहिल्यांदा गेले. नळयोजना तिथपर्यंत पोचलेली नव्हती. रहिवाशांनी मंडळ स्थापून स्वतःची विहीर खणली होती, बोअर घेतले होते, उंच टाकी बांधली होती आणि जमिनीखालून नळ फिरवले होते. टाकीच्या पायथ्याशी पंपाची खोली होती आणि तिला लागून राहायची एक खोली. तिथं वसाहतीचा व्हॉल्व्हमन बायकोसोबत राहायचा. त्याला बघायला मला बोलावलं होतं.

माणूस पन्नाशीला टेकलेला. मूळचा कन्नडजवळच्या पिशोरचा. तरुणपणी शहरात आला तो पाइप टाकणाऱ्या ठेकेदाराकडं कामाला लागला. या वसाहतीचे नळ टाकायला जी माणसं होती त्यांत हाही होता. काम संपल्यावर मंडळानं त्याला ठेवून घेतलं. वसाहतीचे दोन भाग होते, पूर्वेच्या गल्ल्या आणि पश्चिमेच्या गल्ल्या. टाकी भरली की एकदा पूर्वेला पाणी, पुन्हा भरली की पश्चिमेला. टी आकाराची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून हा निघायचा, चेंबरची झाकणं उघडायचा, एक व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसरा किती आटे फिरवायचा ते त्याच्या हाताला माहीत होतं. पुढं रस्ते उंच झाले, डांबर पडलं, काही चेंबर मातीखाली गेले. तरी त्याला जागा ठाऊक होत्या. कागदावर नकाशा असा कुणाकडंच नव्हता, आणि हा असेपर्यंत तो कुणाला लागलाही नाही.

एका सकाळी सायकलवरून चावी घेऊन निघाला असताना वळणावर पाण्याच्या टँकरचा धक्का लागला. डोकं रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलं. ऑपरेशन झालं, तीन आठवडे दवाखान्यात गेले. जीव वाचला. दोन महिन्यांत चालायला लागला, हाताला ताकद आली. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, "माझं काम झालं, आता तुमचं."

त्याची बायको दारातच उभी होती. चाळिशी ओलांडलेली, उंच, सडसडीत. एकुलती मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली, त्यामुळं घरात ही दोघंच.

"बघा म्याडम," ती म्हणाली, "चालतेत, जेवतेत, आंघोळ करतेत. पन आत्ता ताटावरनं उठले आन आत्ता इचारतेत, जेवायला कवा देती? सकाळपासून चार बार इचारलं."

तो पलंगावर बसला होता. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट. मला बघून हसला. मी स्टूल ओढून समोर बसले.

"मामा, आज वार कोणता?"

त्यानं खिडकीतून टाकीकडं पाहिलं. "आज पूर्वेची पाळी."

"आणि वार?"

"वार काय आसंल ते आसंल. पूर्वेची पाळी हाय. निघायला पायजे मला."

मी पाच शब्द सांगितले. त्यानं लगेच पाचही म्हणून दाखवले. मग मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, काही चित्रं दाखवली. दहा मिनिटांनी विचारलं, "मघाचे शब्द सांगता का?"

"कंचे शब्द?"

"मी सांगितले होते ना."

"व्हय, व्हय," तो म्हणाला. "मागल्या बुधवारी तुमी आल्या होत्या तवा. पाऊस चालू होता. तुमी भिजल्या होत्या, आमच्या मंडळींनी तुमाला टावेल दिला."

मी त्या घरात पहिल्यांदाच आले होते, आणि पाऊस पडून कितीतरी महिने झाले होते. बायकोनं मान खाली घातली. मी निघाले तेव्हा ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "खोटं कवाच बोलत नव्हते हो. आता उठता बसता बोलतेत."

"ते खोटं नाही," मी म्हणाले. "आठवण जिथं राहायची तिथं भोक पडलंय. मेंदूला भोक सहन होत नाही. मग हाताला येईल त्यानं तो ते बुजवतो."

"म्हंजी त्यांनाच ठाव नाय, की आपुन खोटं बोलतोय?"

"नाही."

तिनं टाकीच्या खांबाला हात टेकला. "मंग कुनावर चिडायचं मी?" तिनं विचारलं. हा प्रश्न माझ्या कामात मला अनेकांनी विचारला आहे.  त्या दिवशी मी म्हणाले, पुढच्या मंगळवारी येते.

दर मंगळवारी मी जात राहिले. प्रत्येक वेळी मी त्याला नवी असायचे. कधी मी मीटर बघायला आलेली असायचे, कधी त्याच्या मुलीची शाळेतली बाई. नवं काहीही दहा मिनिटांच्या पुढं टिकत नव्हतं. जुनं मात्र जसंच्या तसं होतं. तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी एक मोठा कागद आणि पेन्सिल दिली आणि म्हणाले, "मामा, मला वसाहतीचे व्हॉल्व्ह कुठं कुठं आहेत ते काढून दाखवा."

त्यानं कागद जमिनीवर पसरला, पालथा पडला आणि काढायला लागला. आधी टाकी. टाकीतून निघणारी मोठी लाइन. मग पूर्वेचा फाटा, पश्चिमेचा फाटा. गल्ल्या. प्रत्येक व्हॉल्व्हला एक गोल, गोलाशेजारी आटे किती. काही गोलांवर तो थांबायचा आणि सांगायचा, "हे लिंबाखाली गेलंय. झाडाच्या बुडापासून तीन पावलं." "ह्याच्यावर त्या पोलिसाच्या घराचा रॅम्प आलाय. कोपरा फोडला तर घावंल." दीड तास तो काढत होता. मध्ये एकदाही त्यानं जेवायचं विचारलं नाही, पाळीचं विचारलं नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. त्या दीड तासात तो पूर्वीचा माणूस होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी त्याला आधी ओळखतच नव्हते.

कागद संपला तेव्हा त्यानं हात झटकले आणि मला विचारलं, "हे कुनी काढलं?"

नकाशा मी बायकोकडं ठेवायला दिला.

आमच्या शास्त्रात अशा माणसाला वही देतात. खिशात मावेल अशी वही, तिच्यात वेळ घालून लिहायचं: जेवलो, औषध घेतलं, कोण आलं. डोक्यात राहत नाही ते कागदावर राहतं. मी एक लाल पुठ्ठ्याची वही आणली आणि दोरीनं त्याच्या शर्टाच्या काजाला बांधली. रोज ठरलेल्या वेळी बायको त्याला वही उघडायला लावायची आणि त्याच्याच हातानं लिहून घ्यायची. एक महिना दोघांनी मनापासून केलं. मग एका मंगळवारी तिनं वही माझ्या हातात दिली.

"दाखवलं की चिडतेत," ती म्हणाली.

मी वही त्याच्यासमोर धरली. "मामा, हे बघा. साडेबाराला जेवलो. हे कुणी लिहिलंय?"

त्यानं अक्षर निरखून पाहिलं. "अक्षर माझंच हाय," तो म्हणाला. "पन मी लिहिलेलं नाय."

"मग कुणी लिहिलं?"

"कुनीतरी माझं अक्षर काढतंय." आणि त्यानं बायकोकडं संशयानं पाहिलं.

ती चूल पेटवायची म्हणून बाहेर गेली. गॅस असताना ती बाहेर चुलीवर का स्वयंपाक करते ते मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "तेवढंच भाईर बसायला मिळतं." त्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती पिठात पाणी घालत होती, अगदी थोडं थोडं. टाकीच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईलाही पाणी मोजून वापरावं लागत होतं.

"म्याडम," ती खाली बघत म्हणाली, "ते त्या दिवशी गेले असते ना, तर मी रडले असते. लई रडले असते. लोकं आले असते, आई आली असती, मुलगी आली असती. समद्यांनी धरलं असतं मला. आता हे असे बसलेत पुढ्यात. आता कवा रडायचं?"

मी तिच्या हाताला धरलं तर ती भाकरी थापायला लागली. मग मीही हात काढून घेतला.

मे महिन्यात विहीर आटत आली. टाकी भरायला दोनाऐवजी चार दिवस लागायला लागले. मंडळानं नवा माणूस ठेवला होता, पण त्याला व्हॉल्व्ह सापडत नव्हते. पाणी सोडलं की निम्म्या गल्ल्यांना जायचं, निम्म्या कोरड्या. रस्ता खणून चेंबर शोधायचे प्रयत्न झाले, त्यात एक पाइप फुटला आणि दुपारभर पाणी वाहून गेलं. लोक चिडले होते. मंडळाचे सचिव निवृत्त कारकून होते, नीटनेटके, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. ते एका मंगळवारी माझी वाट बघत पंपाच्या खोलीशी उभे होते.

"मॅडम, यांना कामावर घ्यायचा आमचा विचार आहे," ते म्हणाले. "चालताबोलताना तर अगदी ठणठणीत दिसतात. तुमचं पत्र मिळालं तर बरं होईल. कमिटीला काहीतरी कागद लागतो."

"दिसायला ठणठणीत आहेत. पण आज काय केलं ते उद्या आठवत नाही."

"व्हॉल्व्ह तर आठवतात ना?"

"व्हॉल्व्ह आठवतात. कुणाला कधी पाणी दिलं ते नाही आठवणार."

सचिवांनी मान हलवली, पण त्यांना पहिलं वाक्यच ऐकू आलं होतं. ते गेल्यावर बायको माझ्याजवळ आली. तिनं सांगितलं की खोली मंडळाची आहे. माणूस कामावर नसेल तर खोली नव्या व्हॉल्व्हमनला द्यावी लागेल, असं तिला आडून सांगण्यात आलं होतं. "लिहून द्या ना म्याडम," ती म्हणाली. "काम केलं तर डोकंबी चालंल त्यांचं. तुमीच म्हनल्या होत्या, आवडीचं काम द्या."

मी तसं म्हणाले होते, हे खरं आहे.

त्या आठवड्यात माझ्याकडं नवीन तीन माणसं आली होती. आमचे डॉक्टर आजारी होते. घरी पाणी दहा दिवसांनी आलं होतं आणि तेही गढूळ. मी शुक्रवारी दुपारी ऑफिसात बसून ते पत्र लिहिलं. लिहिलं की सोबत एक जबाबदार माणूस असेल तर हे गृहस्थ व्हॉल्व्ह दाखवू शकतात आणि फिरवू शकतात; कोणत्या भागाला पाणी सोडायचं हा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये. वाक्य बरोबर होतं. पण मला ठाऊक होतं की असल्या पत्रातलं अर्धविरामाच्या पुढचं कुणी वाचत नाही. मी स्वतः जाऊन कमिटीला समजावून सांगायला हवं होतं. तेवढं उठायचं त्राण नव्हतं. शिक्का मारला आणि पाकीट बंद केलं.

पहिले तीन आठवडे बरे गेले. नवा माणूस आणि हा, दोघं जोडीनं फिरायचे. हा जागा दाखवायचा, तो उकरायचा. दबलेले चेंबर एकेक करून वर आले. बायको म्हणाली, रात्री शांत झोपतेत. मंगळवारी मी गेले तर तो घरात नव्हता, कामावर गेला होता, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी पुढच्या दोन भेटी रद्द करून त्या वेळेत दुसरी घरं केली.

मग नवा माणूस गावी लग्नाला गेला आणि दहा दिवस आलाच नाही. सचिवांना वाटलं, जुना आहेच की.

टाकी भरली. हा चावी घेऊन निघाला आणि त्यानं पूर्वेला पाणी सोडलं. चार दिवसांनी टाकी पुन्हा भरली. हा पुन्हा निघाला. त्याच्या डोक्यात रोजच पूर्वेची पाळी होती. अपघाताच्या सकाळी तो पूर्वेलाच पाणी सोडायला निघाला होता; ती पाळी त्याची द्यायची राहिली होती. त्यानं पुन्हा पूर्वेला सोडलं. पूर्वेच्या लोकांनी भरून घेतलं आणि कुणी काही बोललं नाही. तिसऱ्यांदाही तेच झालं. तोवर पश्चिमेच्या गल्ल्यांत बारा दिवस नळाला थेंब नव्हता.

हे मला बायकोच्या फोनवरून कळलं. फोनवर ती रडत नव्हती, घाईघाईनं बोलत होती. "म्याडम, लोक आलेत. यांना मारलं."

मी पोचले तेव्हा गर्दी पांगली होती. टाकीच्या पायथ्याशी रिकाम्या घागरी पडल्या होत्या, त्यातली एक चेपलेली. झालं होतं ते असं: पश्चिमेकडचे वीस-पंचवीस लोक आले, त्यांनी याला टाकीच्या फाटकाशी बोलावलं आणि विचारलं, आमचं पाणी कुठं आहे? हा शांतपणे म्हणाला, आज पूर्वेची पाळी. कुणीतरी म्हणालं, परवा पण पूर्वेचीच होती का? हा म्हणाला, परवा पश्चिमेला दिलं की, तुमच्या दारात तर मी चहा घेतला. ते ऐकून पांढऱ्या शर्टातल्या एका माणसाचा तोल गेला आणि त्यानं याच्या कानाखाली मारली. सचिव मध्ये पडले आणि त्यांनी सगळ्यांना पांगवलं.

तो पलंगावर बसला होता. एक गाल लाल झाला होता. मला बघून हसला. "या, बसा. तुमी मीटरवाल्या का?"

"मामा, गालाला काय झालं?"

त्यानं गालाला हात लावला. "काय नाय. दाढ दुखती."

त्याला काहीच आठवत नव्हतं. मला एक क्षण बरंही वाटलं, की निदान एवढं तरी त्याच्या वाट्याला आलं नाही. तेवढ्यात सचिव आत आले. ते बिचारे ओशाळले होते, विचारपूस करायला आले होते. त्यांना बघताच हा पलंगावर मागं सरकला, भिंतीला टेकला आणि त्याचा हात आपोआप गालावर गेला.

"काय झालं मामा?"

"काय नाय."

"यांची भीती वाटते का?"

"नाय. का वाटंल? सायेब चांगलेत." पण हात गालावरून खाली येत नव्हता.

पुस्तकात मी हे शिकले होते. प्रसंग विसरला जातो, भीती राहते. ती आठवणीच्या नव्हे, दुसऱ्याच जागी राहते. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले होते. त्या खोलीत मात्र मी सचिवांना हातानंच बाहेर जायची खूण केली आणि त्याच्याशेजारी पलंगावर बसले, आणि त्याचा हात गालावरून खाली येईपर्यंत तशीच बसून राहिले. त्यानंतर पांढरा शर्ट घातलेलं कुणीही दारात आलं की त्याचा हात गालावर जायचा. का, ते त्याला सांगता यायचं नाही. टाकीच्या फाटकाजवळ तर तो जाईनासाच झाला.

रविवारी मंडळाची बैठक होती. मी न बोलावता गेले. मंदिराच्या ओट्यावर सगळे बसले होते, मारणारा माणूसही होता. मी उभी राहून सांगितलं की पत्र मी दिलं होतं. अट घातली होती, पण ती समजावून सांगायला आले नाही. चूक व्हॉल्व्हमनची नाही, त्याच्या बायकोची नाही, माझी आहे. मला वाटलं लोक माझ्यावर ओरडतील. कुणी ओरडलं नाही. एक बाई म्हणाल्या, "ते झालं हो मॅडम, आता पाण्याचं काय?" मारणारा माणूस मान खाली घालून बसला होता. मागाहून मला कळलं की त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती आणि बारा दिवस तो तिला ओल्या फडक्यानं पुसत होता.

तेव्हा व्हॉल्व्हमनची बायको उठली. ती ओट्याच्या खाली, बाजूला बसली होती. तिनं पदराखालून तो नकाशा काढला, घडीवर घडी घातलेला, आणि सचिवांच्या पुढ्यात ठेवला.

"ह्याच्यात समदे वॉल हैत," ती म्हणाली. "किती आटे फिरवायचे तेबी हाय. आता तुमाला त्यांची गरज नाय. आमी महिन्याच्या आखरीला खोली सोडतो."

सचिव म्हणाले, इतक्यात नको, राहा अजून. दोघातिघांनी तसंच म्हटलं. ती नाय म्हणाली. नकाशा माझ्याही ध्यानातून गेला होता. घरी परतताना मी तिला विचारलं, तो आधीच का दाखवला नाही?

"दाखवला असता तर त्यांना कामावर कुनी घेतलं असतं?" ती म्हणाली. मग थोडं चालून म्हणाली, "माझीबी चूकच हाय म्याडम. तुमी एकट्याच नका घेऊ."

ती दोघं पिशोरला तिच्या भावाकडं गेली; तिचं माहेरही त्याच गावात होतं. ती म्हणायची, तिथं सगळं जुनंच हाय आन यांना जुनंच याद हाय. मला हे सुचलं नव्हतं. मी त्याला शहरातल्या एका खोलीत नवीन शिकवत बसले होते. तिनं त्याला तिथं नेलं जिथं शिकायची गरजच नव्हती.

पाऊस त्या वर्षीही बेताचाच झाला, पण विहिरींना पाझर आले. दिवाळीनंतर कन्नडला आमचं एक शिबिर होतं. ते दुपारी संपलं आणि मी तिथून पिशोरची बस धरली. तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होता. अंगानं जरा भरला होता. वाटेनं पांढऱ्या शर्टातलं कुणी गेलं तरी त्याचा हात गालाकडं गेला नाही, एवढं मी पाहून घेतलं.

ती आतून आली. मला बघून आनंदली, पण तिचे डोळे खोल गेले होते. तिनं सांगितलं की सकाळी तो एकटाच मळ्यापर्यंत जातो आणि चुकत नाही. वाटेवरच्या लोकांना नावानं हाक मारतो. ज्यांचे वडील वारले त्यांना वडिलांची खुशाली विचारतो; लोक म्हणतात, बरं हाय. आता कुणी दुरुस्त करत नाही. वही तिनं कधीच टाकून दिली होती. "भांडन कमी झालं," ती म्हणाली. "पन झोप नाय. रातीतनं चारदा उठतेत, वॉल फिरवायला निघतेत. भाऊ-भावजय मळ्यावर झोपतेत. मलाच उठावं लागतं."

आत जाऊन बसल्यावर मी पिशवीतून कागद काढले. झोपेसाठी काय करता येईल, दिवसाचं वेळापत्रक कसं असावं, असं सगळं लिहून आणलं होतं. ती समोर बसून ऐकत होती, हूं हूं करत होती. दुसऱ्या पानावर मी मान वर केली तेव्हा ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तोंड थोडं उघडं, हात उताणे.

मी कागद पिशवीत घातले. तिला आडवं करून डोक्याखाली उशी सरकवली, तरी ती जागी झाली नाही. मग मी बाहेर येऊन त्याच्याशेजारी बाजेवर बसले. शेवटची बस साडेपाचला होती. अडीच तास होते.

"तुमी कोनाकडं आल्या?" त्यानं विचारलं.

"तुमच्याकडंच."

"बरं केलं. मंडळी कुठं गेली?"

"झोपलीय आत."

"झोपू द्या," तो म्हणाला. "लई दमती ती." आणि त्यानं मूठभर शेंगा माझ्यापुढं सरकवल्या.

आम्ही शेंगा फोडत बसलो. दहा मिनिटांनी त्यानं पुन्हा विचारलं, तुमी कोनाकडं आल्या, मंडळी कुठं गेली. मी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा म्हटलं, झोपू द्या. दोनदा तो उठून निघाला, दोनदा मी त्याला शेंगांच्या सुपाशी परत आणलं. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत मी किती चाचण्या घेतल्या, किती अहवाल लिहिले, त्याचा मला हिशेब नाही. पण त्या दुपारी मी त्या बाईला सलग दोन तास झोपू दिलं, हे मला पक्कं आठवतं. ती उठली तेव्हा उन्हं कलली होती. घाबरून बाहेर आली, आम्हाला बघितलं आणि चहा टाकायला आत गेली.